लांबचा नेम आणि पहिली रायफल

पुण्याच्या एका वाचकांचें गेल्या महिन्यांत आलेलें पत्र या सदराच्या नेहमींच्या पत्रांहून निराळें आहे. त्यांचा नातू गेलीं कांहीं वर्षें अमेरिकेंत, कोलोराडो राज्यांत, नोकरीनिमित्त सहकुटुंब राहतो. शरदऋतु आला कीं त्याच्या कचेरींतील मंडळी डोंगरांत एल्क नांवाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीस जातात. दोन वर्षें तो त्यांजबरोबर नुसताच हिंडला, आणि आतां स्वतःची रायफल घ्यावी असें त्याच्या मनांत आहे. लांब पल्ल्याची कोणती घ्यावी, कॅलिबर कोणतें असावें, असे प्रश्न त्यानें आजोबांस विचारले. आजोबांनीं ते माझ्याकडे धाडले, व खालीं एक ओळ जोडली कीं, या गोष्टीवरून घरांत दोन तट पडले असून आजीबाईंनीं नातवाशीं दूरध्वनीवर बोलणें सोडलें आहे.

प्रश्न हिंदुस्थानांतला असता तर उत्तर एका ओळींत संपलें असतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडे हौसेची शिकार बंद झाली आहे. माणसांच्या जिवावर उठलेल्या किंवा पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांपुरती सरकारी परवानगी मिळूं शकते, तेवढाच काय तो अपवाद. कोलोराडोची गोष्ट वेगळी. अमेरिकेंतील इतर कोणत्याहि राज्यापेक्षां तेथें एल्क अधिक आहेत. कोणत्या डोंगरांत किती नर व किती माद्या मारूं द्यावयाच्या याचा दर वर्षीं राज्याचें वन्यजीव खातें हिशेब करतें, त्या बेतानें परवाने देतें, आणि परवान्यांचा पैसा पुन्हां वन्यजीवांच्या राखणीस लावतें. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊबंद. पुरा वाढलेला नर तीनशें किलोंच्या घरांत जातो.

राहिला धर्माधर्माचा प्रश्न. मनूनें राजाच्या कामज व्यसनांची जी दहांची यादी दिली आहे तींत मृगयेचा क्रमांक पहिला आहे, हें आजीबाईंच्या पक्षास सांगावें. कौटिल्यानें व्यसनांची तुलना करतांना द्यूतापेक्षां मृगया बरी असें म्हणून तिचे गुण मोजले आहेत: व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यावर नेम धरण्याचा अभ्यास होतो, भ्यालेल्या व रागावलेल्या जनावराचें चित्त कळतें. हें नातवाच्या पक्षास सांगावें. दोन्ही ग्रंथ घरांत असतील तर वाद आणखी वाढेल, आणि तो मिटविण्याचें काम मी पत्करीत नाहीं. परंतु नातवानें जावयाचें ठरविलेंच, तर जें जनावर मारावयाचें तें एका गोळींत व तत्काळ मेलें पाहिजे, एवढ्यावर तरी दोन्ही पक्षांचें एकमत व्हावें. रायफलीचा सगळा विचार मी या एका अटीवरून करणार आहें.

प्रथम नांवांचा गोंधळ. कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास, इंचांत किंवा मिलिमीटरांत मोजलेला. व्यवहारांत मात्र हा शब्द संबंध काडतुसाच्या जातीस लावतात, आणि त्या जातींचीं नांवें कोणत्याहि पाणिनीच्या सूत्रांत बसावयाचीं नाहींत. .३०-०६ यांतील पहिला आंकडा व्यासाचा, दुसरा १९०६ या सालाचा. .३०-३० यांतील दुसरा तीस हा दारूच्या वजनाचा. .२७० विंचेस्टरची गोळी वस्तुतः .२७७ इंचांची असते, आणि ६.५ क्रीडमूरची ६.७ मिलिमीटरांची. 'मॅग्नम' ही तर निव्वळ पदवी. ती ज्यास लागली त्यांत दारू अधिक, एवढें समजून पुढें चालावें.

दुकानांत नवशिक्यापुढें येणारीं काडतुसें बहुधा पांचसहाच असतात. .३०-०६ स्प्रिंगफील्ड हें सर्वांत वडील. .२७० विंचेस्टर १९२५ चें, .३०८ विंचेस्टर १९५२ चें. ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चें व .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ चें. हीं दोन अधिक जोराचीं. ६.५ क्रीडमूर हॉर्नडी कंपनीनें २००७ सालीं काढलें तें निशाणबाजीच्या सामन्यांसाठीं, पुढें शिकाऱ्यांनीं उचललें. त्याहून नवीं आणखीहि निघालीं आहेत, परंतु पहिल्या खरेदींत अगदीं ताज्या अवताराच्या मागें लागूं नये. डोंगराच्या पायथ्याच्या लहान गांवीं जें काडतूस मिळत नाहीं तें कितीहि गुणी असलें तरी ऐन शिकारीच्या आठवड्यांत त्याचा उपयोग नाहीं.

यांत सर्वांत जोरकस कोणतें, असें नवखा माणूस विचारतो. मीं विचारीन तें असें कीं, यांतलें कोणतें उडवितांना त्याचे डोळे मिटणार नाहींत? आमच्या शाळेंतील छात्रसेनेच्या मुलांस .२२ रायफलीवर नेमबाजी शिकवीत, तेव्हां मी हजेरीचें पुस्तक घेऊन मागें बसत असें. .२२ चा धक्का म्हणजे खांद्यावर हलकीशी थाप. तरी नुसत्या आवाजाच्या भीतीनें मुलांचे खांदे आधींच आखडत, डोळे मिटत, आणि गोळी कागदाच्या खालीं मातींत जाई. हवालदार मोठा हुशार. तो मधूनच काडतूस न घालतां रायफल मुलाच्या हातीं देई. चाप ओढतांच रिकामी नळीहि खालीं डुचकळलेली सर्वांस दिसे, व मुलगा लाजून हंसे. ही युक्ति नातवानें आपल्या मित्राकडून स्वतःवर करवून घ्यावी.

आतां आंकडे पहा. साधारण आठ पौंड वजनाच्या रायफलींत ६.५ क्रीडमूरचा धक्का बारा-तेरा फूट-पौंडांचा, .३०-०६ चा विसाच्या आसपास, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा पंचविसाच्या पुढें. ज्यानें पूर्वीं बंदूक हातीं धरलेली नाहीं त्यानें पहिलीच मॅग्नम घेतली, तर एका बैठकींत दहापंधरा गोळ्यांनीं खांदा दुखूं लागतो. मग सराव टळतो, आणि आखडण्याची संवय जडते ती सहजीं सुटत नाहीं. नळीच्या तोंडास धक्का घटविणारा 'ब्रेक' बसवितां येतो, परंतु त्यानें आवाज मागें फिरून उडविणाऱ्याच्या व शेजाऱ्याच्या कानांवर आदळतो. ब्रेक असो वा नसो, कान झांकल्यावांचून एकहि गोळी उडवूं नये. त्या आवाजानें गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं.

लहान व्यासाची गोळी मोठ्या जनावरास पुरेल काय, ही शंका रास्त आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा १९०७ सालीं नाश केल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बी जातीची, म्हणजे सात मिलिमीटरांची होती. बेल नांवाच्या स्कॉटिश शिकाऱ्यानें आफ्रिकेंत हजारावर हत्ती मारले, त्यांतले बहुसंख्य याच काडतुसानें. हत्तीच्या मेंदूची नेमकी जागा कळावी म्हणून तो कवट्या कापून पाहत असे. (हजार हत्ती हा आंकडा लिहितांना लेखणी अडखळते, पण मर्मस्थानाच्या ज्ञानापुढें व्यासाचें महत्त्व किती थोडें, हें त्यांतून दिसतें.) स्वीडन-नॉर्वेकडे ६.५ मिलिमीटरांच्या एका जुन्या काडतुसानें शंभराहून अधिक वर्षें एल्काहून थोर असे मूस मारीत आले आहेत. मात्र कॉर्बेट काय आणि बेल काय, जनावराच्या अगदीं जवळ जाऊन गोळी घालीत. आमच्या पत्रलेखकांच्या नातवास 'लांब पल्ल्याची' हवी आहे, आणि तेथें दुसरेंच गणित सुरू होतें.

६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनांची गोळी सेकंदास सुमारें २७०० फूट या गतीनें नळींतून निघते. नेम २०० यार्डांवर जुळविलेला असला, तर ३०० यार्डांवर ती सातआठ इंच, ४०० वर बावीसेक इंच, आणि ५०० वर साडेतीन फुटांहून किंचित् अधिक खालीं उतरते. या उतरण्याचें भय बाळगावयास नको. गुरुत्वाकर्षण नियमानें वागतें. लेझरनें अंतर मोजणारें यंत्र व दुर्बिणीवरील आंकड्यांची चकती यांनीं त्याची भरपाई करतां येते. वारा तसा नियमानें वागत नाहीं. ताशीं दहा मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर हीच गोळी सुमारें पंधरा इंच बाजूस नेतो. शिकाऱ्याच्या गालास वारा पांच मैलांचा लागतो, आणि मधल्या दरीवर तोच दहाचा वाहत असतो. गवताचीं पातीं पाहून याचा अंदाज करावयाचा. हरणाचें मर्मस्थान, म्हणजे हृदय व फुप्फुसें मिळून, आठदहा इंचांचें. एल्काचें त्याहून मोठें, तरी सव्वा फुटाच्या आसपासच. मध्यावर धरलेला नेम वाऱ्यानें सातआठ इंच ढळला कीं फुप्फुसाऐवजीं पोट फुटतें, आणि तें जनावर पळून जाऊन झुडपांत तासन्‌तास तळमळत मरतें. आजीबाईंचें मौन ज्यासाठीं आहे तें हेंच असावें, असा माझा तर्क आहे.

शिवाय वेळ. ५०० यार्ड तोडावयास या गोळीस सेकंदाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग लागतो. ताशीं तीन मैल चालीनें रमतगमत जाणारें जनावर तेवढ्यांत पावणेतीन फूट पुढें गेलेलें असतें. चाप ओढला तेव्हां तें उभें होतें, ही साक्ष खरी असूनहि निरुपयोगी. गोळी पोंचतांना तें उभें होतें काय, हा प्रश्न. आणि याला कोणत्याहि कॅलिबरापाशीं उत्तर नाहीं. अधिकांत अधिक वेगाची मॅग्नम घेतली तरी अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिकच काळ लागतो.

एल्कास गोळी लागतांना तिच्या अंगीं १५०० फूट-पौंड जोर उरलेला असावा, व लहान हरणास १०००, असा शिकाऱ्यांत रूढ अडाखा आहे. कायदा याहून सैल. कोलोराडोंत एल्कासाठीं किमान .२४ इंच व्यास, ८५ ग्रेनांची फुलणारी गोळी, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड एवढेंच मागतात. अडाख्यानें पाहिलें तर क्रीडमूरची हद्द ४०० यार्डांच्या आसपास संपते, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमची ७०० च्याहि पुढें जाते. 'म्हणून मॅग्नम घ्या' असें दुकानदार म्हणेल. परंतु त्या अधिक तीनशें यार्डांत वारा, वेळ आणि नवशिक्याचा हात यांची हद्द तसूभरहि वाढलेली नसते. अननुभवी माणसास ४०० यार्डांवर थांबावयास लावणारें काडतूस, हा मला त्या काडतुसाचा गुण वाटतो.

तेव्हां माझें मत ६.५ क्रीडमूरला. नातवाचा बांधा भक्कम असेल, आणि हरणांपेक्षां एल्कच त्याचें मुख्य लक्ष्य असेल, तर .३०८ किंवा .२७० लाहि माझी हरकत नाहीं; .३०-०६ दुसऱ्या वर्षीं. .२७० घेतांना एक गोष्ट तपासावी. नळीच्या आंत पिळाचे आटे असतात, त्यांमुळें गोळी भोंवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. .२७० च्या पुष्कळशा नळ्यांत दहा इंचांत एक फेरा असतो, तो फार लांब गोळ्यांस अपुरा पडतो. आणि वाऱ्यास न जुमानणाऱ्या गोळ्या नेमक्या लांबच असतात. ६.५ क्रीडमूरच्या नळींत बहुधा आठ इंचांत एक फेरा असतो, कारण ती जातच लांब गोळीसाठीं जन्मली.

रायफल बोल्टची असावी, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हातानें खीळ मागें ओढून दुसरें काडतूस आंत घेण्याची. टिक्का, बर्गारा, ब्राउनिंग, सॅव्हेज, रुगर या कंपन्यांच्या मधल्या किंमतीच्या रायफली आज शंभर यार्डांवर इंच-दीड इंचांत तीन गोळ्या घालतात. माणसाचाच हात तितका स्थिर नसतो. हौसेनें पांच पौंडांची हलकी घेऊं नये. डोंगर चढतांना ती सुखाची, पण धक्का तिचा अधिक व नळी तिची चंचल. दुर्बीण व अंतर मोजण्याचें यंत्र मिळून रायफलीइतका पैसा गेला तर तो वायां गेला असें मानूं नये. दुर्बीण अतिमोठ्या गुणकाचीहि नको. पहाटेच्या अंधुक उजेडांत स्वच्छ दिसणारी आणि चकती फिरवून पुन्हां शून्यावर आणली असतां तंतोतंत शून्यावर येणारी पाहिजे.

नातवाची स्वतःची हद्द किती यार्डांची, हें ठरविण्याची एक घरगुती रीत आहे. आठ इंच व्यासाची कागदी थाळी टांगावी. मेजावर वाळूच्या पिशव्यांत रायफल रोंवून नव्हे. डोंगरांत बसावें तसें गुडघ्यांवर कोपरें टेकून, अथवा पोटावर पडून, थोडा दम लागलेला असतांना, थंड नळींतून एकच गोळी घालावी. असें निरनिराळ्या दिवशीं दहा वेळां करावें. ज्या अंतरावर दहाहि वेळां थाळीस भोंक पडलें तेवढी त्याची हद्द. पहिल्या वर्षीं पुष्कळांची ती २०० यार्डांपुढें जात नाहीं. दुकानांतील पाटीवर मग हजार लिहिलेलें असो.

भूमितीचा एक लहानसा मुद्दा विद्यार्थ्यांनींहि लक्षांत घ्यावा. कड्यावरून खालीं उभ्या जनावराकडे पाहतांना यंत्र कर्णाची लांबी दाखवितें; गोळीचें उतरणें मात्र काटकोन त्रिकोणाच्या पायाच्या लांबीवरून मोजावें लागतें. कर्ण धरून नेम घेतला तर गोळी पाठीवरून निघून जाते. वर चढून मारतांनाहि हेंच. आणि मैदानांतील कोष्टक नऊदहा हजार फूट उंचीवर जसेंच्या तसें लागूं पडत नाहीं; विरळ हवेंत गोळी कमी उतरते. सराव जमेल तितका उंचावरच करावा.

लांबच्या नेमाचा आणखी एक धोका कोणत्याहि कोष्टकांत येत नाहीं. दशरथ शब्दवेधी होता. शरयूच्या कांठीं अंधारांत पाण्यांत घडा बुडल्याचा आवाज झाला; हत्तीच समजून त्यानें बाण सोडला, आणि तो मुनिकुमाराच्या छातींत रुतला. बाण चुकला नव्हता. जेथें जावयास सोडला तेथेंच तो गेला. झुडपामागें पिंगट असें कांहीं हललें म्हणून रायफलीची दुर्बीण तिकडे रोंखणें हें त्याच जातीचें कृत्य. पाहावयाचें तें हातांतल्या वेगळ्या दुर्बिणीनें. शिंगें, डोकें, संबंध देह दिसल्यावांचून रायफल खांद्यास लावूं नये. जनावराच्या मागें मातीचा डोंगर हवा, आकाश नको. कारण हुकलेली गोळी मैलांच्या हिशेबानें जाते. म्हणूनच तेथें रायफलीच्या मोसमांत अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी वस्त्र घालण्याची सक्ति आहे, आणि १ जानेवारी १९४९ रोजीं वा नंतर जन्मलेल्या कोणासहि शिकारीचा शिक्षणक्रम पुरा केल्याशिवाय परवाना मिळत नाहीं. तो शिक्षणक्रम नातवानें रायफल घेण्याच्या आधींच करावा.

खुद्द अमेरिकन शिकाऱ्यांतहि लांब पल्ल्याविषयीं एकमत नाहीं. थिओडोर रूझवेल्ट यांनीं १८८७ सालीं स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाचें म्हणणें असें आहे कीं, जनावरास आपल्या नाकाकानांनीं माणसाची चाहूल लागण्याचा संभवच उरला नाहीं, तर ती न्यायाची शिकार नव्हे. मला हें म्हणणें पटतें. चारशें यार्डांवरून दिसलेल्या एल्काकडे वाऱ्याची दिशा सांभाळीत दोनशें यार्ड सरपटत जाणें, हीच कौटिल्यानें वाखाणलेली चित्तपरीक्षा.

एक कायद्याची बाब घरच्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी, कारण आपलीं पुष्कळ मुलें तेथें नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असतात. अशा व्यक्तीस बंदूक विकत घेणें किंवा जवळ बाळगणें अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यानें निषिद्ध आहे. राज्यानें दिलेला वैध शिकारीचा परवाना हातीं असला तर अपवाद होतो. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक घरांत राहिली, तर तो गुन्हा होऊं शकतो. कायम वास्तव्याचें ग्रीन कार्ड असलेल्यास ही अडचण नाहीं. नातवाचा व्हिसा कोणता, हें पत्रांत लिहिलेलें नाहीं. तें आधीं वकिलास विचारून घ्यावें. घरांत लहान मूल आहे असें पत्रावरून दिसतें. कोलोराडोंत २०२१ पासून अशा घरीं बंदूक कुलपांत ठेवणें कायद्यानें बंधनकारक आहे. काडतुसें निराळ्या कपाटांत, निराळ्या किल्लीनें ठेवावीं. किल्ली सुनेस ठाऊक असावी, मुलास नसावी.

मांसासंबंधीं थोडें. मारलेल्या एल्काचें खाण्याजोगें मांस रानांत टाकून येणें तेथें गुन्हा आहे, आणि तें घरीं आलें कीं मुलांच्या ताटांत जातें. शिशाची गोळी आंत फुटली कीं तिचे डोळ्यांस न दिसणारे कण जखमेपासून दूरवर पसरतात, व शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपायकारक. कॅलिफोर्नियानें २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळ्या बंद केल्या आहेत; कोलोराडोंत बंदी नसली तरी मूल असलेल्या घरीं शुद्ध तांब्याची गोळी घ्यावी. ती फुलावयास गति अधिक लागते, त्यामुळें तिचा पल्ला शिशाच्या गोळीपेक्षां थोडा आंखूड. वर सांगितलेल्या हद्दींत राहणाऱ्यास तो पुरून उरेल.

परवान्याच्या सोडतीसाठीं अर्ज एप्रिलच्या आरंभीं जातात, आणि रायफलीचा मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबरांत येतो. पंचांगानें बोलावयाचें तर चैत्राच्या सुमारास अर्ज व आश्विन-कार्तिकांत शिकार. मधले सहा महिने थाळीचे. आजोबांनीं नातवास लिहावें कीं, थाळीवर किती पडल्या त्याची वही ठेव, आणि दर महिन्यास त्या वहीचें पान आजीच्या नांवें धाड.